उन्हात राहिलेली वळकटी

जालन्याकडे हौसेने फिरायला गेलेलं माणूस मला तरी अजून भेटलेलं नाही. मीही हौसेने गेले नव्हते. धाकट्या भावासाठी मुलगी पाहायला गेले आणि तीन दिवसांत परत आले. पण त्या तीन दिवसांत जे पाहिलं ते तिकडे न गेलेल्यांना सांगावं, असं घरी आल्यापासून मनात घोळतं आहे. सांगताना माझीच शोभा होणार आहे, ती होऊ दे.

आधी माझा स्वभाव सांगते. मी मनमाडला नगरपालिकेच्या शाळेत शिकवते. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून अशोकला मीच वाढवला. आता तो रेल्वेत इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन आहे, तिशीला टेकला आहे आणि आमच्याच क्वार्टरमध्ये मागच्या खोलीत राहतो. त्याच्यासाठी आजवर तीन ठिकाणं आली आणि तिन्ही मी मोडली. पहिल्या मुलीचा बाप जरा जास्तच गोड बोलत होता. दुसऱ्या घरातली एक खोली कुलूपबंद होती आणि ती का, हे कोणी धड सांगेना. तिसरी नांदगावच्या एका टेलरची मुलगी. त्यांच्याकडे दिवाळीनंतर एक मुक्काम केला आणि सकाळी माझ्या मानेवर ढेकणांचे चावे उठले. परत आल्यावर ही गोष्ट मी दोन-चार नातेवाइकांना सांगितली. खरं सांगायचं तर दोन-चारांवर थांबले नाही.

या खेपेला निघताना अशोक म्हणाला, "अक्का, हे शेवटचं. या वेळी तू मोडलंस तर लग्नाचा विषय मी सोडला." आवाज चढवून बोलणारा तो नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. या वेळी काही शोधायचं नाही, असं मनाशी ठरवूनच मी गाडीत बसले.

तरी एक नियम मोडला नाही. परक्याच्या अंथरुणावर मी झोपत नाही. कुठेही जाताना माझी वळकटी बरोबर असते. दोन चादरी, एक उशी आणि अशोकच्या कॉटवरची पातळ गादी. आमच्या घरातली तेवढीच नीट गुंडाळली जाते. वळकटी आमच्या ह्यांनी काखेत मारली आणि आम्ही निघालो.

नवीन जालना

मनमाडहून जालन्याला मीटरगेजची छोटी गाडी जाते. औरंगाबाद मागे पडलं तसे ह्यांनी दंड खाजवायला घेतले. मी लगेच बाकाच्या फटीत पाहिलं. लाकडी बाकं, हजार माणसं बसून गेलेली, फटीत काय नसेल! ह्यांना उठून उभं राहायला सांगितलं. "वळकटीवर बसतो की," असं म्हणून ते वळकटीवर बसले आणि तिथेही खाजवतच राहिले.

जालन्याला उतरलो तेव्हा मुलीच्या गावाची, टेंभुर्णीची, शेवटची एसटी निघून गेली होती. स्टेशनासमोर सगळी व्यापाराची गडबड. सरकीची पोती, आडत्यांच्या पेढ्या, बियाण्यांच्या पाट्या, टांगेवाल्यांची ओरड. बोलणं मराठीच, पण त्यात "जल्दी", "बराबर", "बिलकुल" असे शब्द इतके की आपण मनमाडहून शंभरेक मैलच आलो आहोत, यावर विश्वास बसेना. एका खानावळीत ज्वारीची भाकरी आणि काळ्या मसाल्यातली वांग्याची भाजी खाल्ली. तिखट असं की ह्यांनी दोन तांबे पाणी संपवलं. आमच्याकडे पाहुण्याला तिखट सोसेल का, हे आधी विचारतात. इथे पाहुणा घाम पुसायला लागला की आणखी वाढतात.

शेजारच्याच लॉजवर खोली घेतली. दार लावलं आणि अंबाड्यातला आकडा काढून मी कामाला लागले. ढेकूण शोधायची माझी पद्धत ठरलेली आहे. गादीची शिवण आकड्याने उकरायची, खाटेचे सांधे पाहायचे, भिंतीवर तसबीर असेल तर तिच्या मागे बघायचं. शाई सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले की समजायचं. ढेकूण स्वतः दिसतोच असं नाही, त्याचे ठिपके दिसतात. इथे मात्र ठिपका नव्हता. शिवण साफ, सांधे साफ, आणि खोलीभर औषधाचा उग्र वास.

मी मॅनेजरला वर बोलावलं. मोठ्या मिशांचा माणूस. "एवढं औषध कशाला मारलंय?" मी विचारलं.

"ढेकणं होऊ न्हाईत म्हणून बाई. दर आठ दिवसाला मारून राह्यलो आम्ही."

"म्हणजे होते?"

"होते म्हणून मारलं, मारलं म्हणून न्हाईत. तुम्ही बराबर तपासा. एक बी दाखवला तर ही मिशी काढून टाकतो."

ह्यांना हसू आवरेना. मला मात्र माणूस मिशीवर गेला म्हणूनच जास्त संशय आला. लॉजची गादी उचलून मी कोपऱ्यात उभी केली आणि खाटेवर आमची वळकटी पसरली. सकाळी ह्यांच्या दंडावर तीन लाल गांधी उठलेल्या, एका ओळीत.

"डास असतील," हे म्हणाले.

"डास ओळीने चावत नाहीत," मी म्हणाले. उतरताना मॅनेजरच्या मिशीकडे अशी पाहत गेले की त्याने तिच्यावरून हात फिरवला.

टेंभुर्णी

एसटीतून दोन्ही बाजूंना रिकामी काळी रानं दिसत होती. चैत्र सरत आला होता. ज्वारी निघून गेलेली, कडब्याच्या गंज्या लागलेल्या, आणि ऊन सकाळी नऊलाच डोळ्यांवर येणारं. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, पण एसटीतल्या बायका अजून त्याच्याच गोष्टी काढत होत्या.

मुलीचे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. स्टँडवर न्यायला आले होते. धोतर पांढरंशुभ्र, बोलणं मोजकं. जयभीम घातला आणि पुढे चालायला लागले. घर आमच्याच समाजाच्या वस्तीत, तीन खोल्यांचं, पत्र्याचं, आणि पुढे सारवलेलं मोठं अंगण. दारात गुरुजींची बायको आणि मुलगी सुमन उभ्या होत्या. सुमन सावळी, उंच, औरंगाबादला वसतिगृहात राहून अध्यापिकेचा अभ्यासक्रम केलेली. तिने पायावर पाणी दिलं. मग ह्यांच्या काखेतली वळकटी घेतली, आणि दारातून आत न जाता वळून सरळ अंगणाच्या कडेला गेली. तिथे चार दगडांवर एक पत्रा टाकलेला होता. वळकटी तिने त्याच्यावर ठेवली.

"आत नाही ठेवायची?" मी विचारलं.

"असू द्या बाहेर. उन्हात बरी आहे," असं म्हणून तिने खाली पाहिलं.

माझं डोकंच फिरलं. वाचणाऱ्यांपैकी काहींना यात रागावण्यासारखं काय, असं वाटेल. माझ्या लहानपणी गावातल्या कितीतरी घरांच्या अंगणात आई उभी असायची आणि आमचं गाठोडं उंबऱ्याबाहेर. आमचं भांडं बाहेर, आमची पाटी बाहेर. दीक्षा घेतली, शिकलो, नोकऱ्या लागल्या, आणि आता आमच्याच माणसांच्या दारात माझं अंथरूण बाहेर! मला रडूही आलं आणि त्या पोरीच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही. आत जाऊन बसले.

बसल्यावर डोक्यात चक्र सुरू झालं. वळकटी आत का नको? आत काहीतरी दाखवायचं नसणार. की आम्ही मुक्कामाला राहूच नये, म्हणून? सुमन चहा करायला गेली तेव्हा मी "घर बघू का?" म्हणून उठलेच. गुरुजींची बायको जरा चरकली. ते चरकणं मी टिपून ठेवलं.

मधल्या खोलीत एक लोखंडी कॉट होती. भिंतीपासून चांगली वीतभर लांब. चारी पाय डालड्याच्या डब्याच्या झाकणांत, आणि झाकणांत पाण्यावर रॉकेल. भिंतीच्या भेगा नुकत्याच चुन्यामातीने बुजवलेल्या. खुंटीवर एक कपडा नाही. कोपऱ्यात निंबाचा वाळका पाला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तीही दोरीने पुढे झुकवून बांधलेली, मागची भिंत दिसेल अशी.

मला सगळं लख्ख समजलं. ज्याच्या घरात ढेकूण नाहीत तो कॉटच्या पायाखाली रॉकेल कशाला ठेवील? नांदगावला निदान लपवलं तरी नव्हतं. इथे सगळा बंदोबस्त करून बसले होते! आमची वळकटी बाहेर ठेवली ती आमच्यावर उपकार म्हणून, म्हणजे निदान आमच्या अंथरुणात तरी जाऊ नयेत.

जेवण फार चांगलं होतं, हे सांगितलंच पाहिजे. येसराची आमटी, भाकरी, शेंगदाण्याची ओली चटणी. येसर म्हणजे धान्य-डाळी भाजून मसाल्याबरोबर दळून ठेवलेलं पीठ. आमच्याकडे ते करत नाहीत. ह्यांनी आमटी दोनदा मागून घेतली. मी मात्र प्रत्येक घासाला अशोकचं वाक्य आठवत होते आणि काय सांगू त्याला, म्हणून आतून तुटत होते. हात धुताना ह्यांच्या कानात म्हणाले, "दुपारच्या गाडीने निघायचं."

"अगं, मुलीशी चार शब्द तरी बोल!"

"बोलायचं काही राहिलं नाही."

गुरुजींना मी सरळ सांगितलं, "आम्ही निघतो. आमची वळकटी द्या."

गुरुजींच्या बायकोने पदर तोंडाशी नेला. सुमन दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, वळकटी आत्ता देता यायची न्हाई."

"का?"

"संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर तुम्हाला कळलं बी नसतं. बाबांनी सांगायचं न्हाई म्हणून बजावलंय. पण तुम्ही अशीच न्याल तर मला सांगावंच लागल. या, दाखवते."

अंगणात पाय ठेववत नव्हता. पत्रा तव्यासारखा तापला होता. त्याच्यावर आमची गादी उलगडून पसरलेली, आणि पत्र्याच्या सावलीच्या कडेला तिने एक जुनं पांढरं धोतर अंथरलं होतं. गादीच्या शिवणीतून ढेकूण बाहेर पडत होते. लहान, मोठे, पोटं भरलेले, चपटे. तापलेल्या पत्र्यावरून सावलीकडे पळत होते. बरेच वाटेतच मरून पडले होते, आणि जे धोतरापर्यंत पोचले त्यांना मुंग्या ओढून नेत होत्या. मी आयुष्यात एवढे ढेकूण एका जागी पाहिले नव्हते.

तोंडातून आधी काय निघालं असेल? "ते लॉजवाले!" मी म्हणाले. "सांगत नव्हते मी? मिशीवर गेला होता मेला!"

सुमनने बाभळीच्या काट्याने गादीच्या शिवणीचा एक टाका उसवला. "हे बघा. ही त्यांची कात. वाढताना टाकत राहतात, कितीतरी जणांची हाय. आणि ही पांढरी, खसखशीवाणी, ती अंडी. एका रात्रीत एवढं होत न्हाई बाई. याला महिने लागतात."

तिने हळूच विचारलं, "या गादीवर कोण झोपतं?"

ह्यांनी उत्तर दिलं, "अशोक."

मुलगी पाहायला आलेल्या माणसांच्या गादीत ढेकूण निघावेत, आणि ते नवऱ्या मुलाच्याच गादीत! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मला त्या अंगणात समजलं.

गुरुजींच्या बायकोने मला ओढून सावलीत बसवलं आणि पाणी दिलं. "वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "ही आल्ती पहिल्या वर्षी वसतिगृहातनं, तवा अख्खं घर भरून आणलं हिनं. वर्षभर डोळ्याला डोळा न्हाई. मलेरियाचे फवारावाले आल्ते, भिंती पांढऱ्या करून गेले. डास कमी झाले, पण ढेकणं भिंतीतनं निघून अंगावर यायला लागली. गावातल्या बाया मंग फवारावाल्यांना दारात उभं करीनात."

"मग गेले कसे?"

"पोरींनी वसतिगृहात रीत पाडल्ती," सुमन म्हणाली. "नवी मुलगी आली की तिची वळकटी आधी गच्चीवर, दिवसभर. मंगच खोलीत. मंत्र्याची पोर असली तरी. घरी आल्यावर मी तीच रीत लावली. आमच्याकडं सगळ्यांचीच वळकटी बाहेर राहते. मामाची राहते. सुट्टीत यायची तवा माझी बी राहायची."

"मग सांगायचं तरी!"

"कसं सांगावं?" गुरुजी आत्ता पहिल्यांदा सलग बोलले. "दारात उभं करून पाहुण्याला सांगायचं, तुमच्या अंथरुणात ढेकूण असतील? बाहेर ठेवलेलं तुम्हाला लागलं, ते दिसलं मला. आम्हाला बी लागलंय ते, जन्मभर. पण मी म्हणलं, संध्याकाळी घडी करून देऊ, राग निघून जाईल."

"मला तर वाटलं, आता सोयरीक मोडली," बायको म्हणाली. "आमच्याच घरची ढेकणं म्हणून गावभर होईल. बाईमाणसं काय काय बोलतात तुम्हाला माहीत न्हाई."

मला चांगलं माहीत होतं. त्या क्षणी नांदगाव आठवलं. नांदगावलाही हीच गादी नेली होती.

ते मी तेव्हा बोलले नाही. संध्याकाळी सुमनला एवढंच विचारलं, "आता आमचं काय?" गुरुजींनी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आधी घरी जाऊन कॉट उकलून बघा. मंग पत्र लिहा. जे असेल ते खरं लिहा." उकळतं पाणी सांध्यांत कसं ओतायचं, आणि अंडी पाण्यातून वाचतात म्हणून आठ-आठ दिवसांनी तीनदा तेच कसं करायचं, हेही तिने सांगितलं. औषधावर भरवसा ठेवू नका, म्हणाली. गादी मात्र तिने परत दिली नाही. ती मागच्या रानात जाळली आणि कापूस पिंजून नवी करा म्हणाली. त्या रात्री आम्ही त्यांच्याकडेच राहिलो. अंथरूण त्यांचं होतं. मी त्याच्यावर बसून रात्र काढली, पाठ टेकली नाही. ढेकूण नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही.

मनमाड

घरी आल्या आल्या अशोकची कॉट ओट्यावर काढली. सांध्यावर पहिला तांब्या ओतला आणि पाणी काळं झालं. अशोक कोळशाने माखलेला कामावरून आला आणि बघत उभा राहिला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पावसाळ्यापासून," तो म्हणाला. "फेरीवर मुक्कामाला असतो त्या रनिंग रूममधून आले असणार. तिथल्या पलंगात भरलेत. दर फेरीला बरोबर येतात."

"आणि बोलला नाहीस?"

"तू मुलीकडच्यांच्या घरात ढेकूण शोधत फिरत होतीस अक्का. माझ्याच अंथरुणात आहेत, हे कोणत्या तोंडाने सांगू? आणि नांदगावहून येऊन तू जे बोलत सुटलीस, त्यानंतर तर..." चूक त्याचीही होती, तो नाही म्हणाला नाही. पण बोलत मी सुटले होते. स्वतःच्या घरात मी एकदाही आकडा घेऊन बसले नव्हते. मागच्या खोलीत तर पाऊलही टाकत नसे.

टेंभुर्णीला पत्र लिहिलं. रनिंग रूमचं लिहिलं, कॉटचं लिहिलं, आणि शेवटी नांदगावचंही लिहिलं. लिहिलं नसतं तरी त्यांना कधी कळलं नसतं. पण तिने खरं मागितलं होतं. आठ दिवसांनी सुमनच्या अक्षरातलं कार्ड आलं: "नांदगावला जाऊन आलात का? जाऊन आलात की कळवा. मग आम्ही घर बघायला येऊ."

अशोकने कार्ड दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. "जाशील?" त्याने विचारलं. त्याच्या लग्नाचं सगळं माझ्या पायांवर येऊन थांबलं होतं.

नांदगाव

हा प्रवास लहानच. मनमाडपासून तासाभराचासुद्धा नाही. तरी मला तो जालन्यापेक्षा लांब वाटला. मी एकटीच गेले आणि वळकटी नेली नाही.

टेलर दुकानावर होते. घरी त्यांची बायको होती आणि आतल्या खोलीत मुलगी मशीन चालवत होती. माझा आवाज ऐकला आणि मशीन थांबलं. मी उंबऱ्यातच उभी राहून सगळं सांगितलं. ती बाई म्हणाली, "तुम्ही गेल्यावर आठ दिवसांनी आमच्याकडे निघाले. आम्हाला वाटलं, आपल्याच घरात होते. गाद्या जाळल्या. दोन ठिकाणं आली आणि दारातून परत गेली. कुणी काय सांगितलं ते आम्हाला कळत नव्हतं."

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "आता त्या प्रत्येकाकडे जाऊन खरं सांगणार आहे."

मला वाटलं, आता ती जा म्हणेल. म्हणाली असती तरी बरोबरच होतं. पण बाहेर टळटळीत दुपार होती आणि परतीची गाडी चारला. तिने पितळीत भाकरी वाढली. जेवण झाल्यावर दांडीवरची एक गोधडी काढून जमिनीवर अंथरली आणि म्हणाली, "पडा घटकाभर. उन्हाच्या कुठे जाता."

मी आडवी झाले. गोधडीचा कोपरा उलटून पाहिला नाही. आतल्या खोलीत मशीन पुन्हा सुरू झालं.